देवदत्तांचा पहिला शनिवार

देवदत्त पाटोळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात, डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी. बाहेर घोट्याएवढं बर्फ होतं. मुलगा आणि सून बाजारात गेले होते आणि मी खिडकीशी चहा घेत होते. एक उंच, किंचित वाकलेला माणूस गाडीतून उतरला. आमच्या पायरीवरचं बर्फ त्याने आधी पायाने बाजूला सारलं आणि मग घंटी वाजवली. मी दार उघडलं तर टोपी काढून म्हणाला, "बाई आपणच ना? लायब्ररीत गेल्या आठवड्यात बोललात त्या?"

मीच ती. इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या लायब्ररीत मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतात, तिथे मला शाळेतल्या आठवणी सांगायला बोलावलं होतं. नव्यानेच मुलाकडे राहायला आले होते, त्यामुळे कुणीतरी ऐकायला बसलंय याचंच अप्रूप होतं. मला वाटलं, हा माणूस भाषण आवडलं हे सांगायला आला. त्याला आत घेतलं, बसवलं.

"मी आपली माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "आपण बोलत होतात तेव्हा मी शेजारच्याला म्हणालो, या बाई घड्याळ भारतातच विसरून आल्यात. ते बोलायला नको होतं. आपण मला क्षमा करावी."

मी ते वाक्य ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं. छत्तीस वर्षं शिकवण्यात गेली माझी, पोरं पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक असायचं, पण घरी येऊन कुणी सांगून गेलं नव्हतं. मी क्षमा केली. चहा विचारला तर म्हणाला, नको, अजून तीन घरं व्हायची आहेत.

सून, निधी, घरी आल्यावर तिला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "आई, आज पहिला शनिवार. मी सांगायचंच विसरले. पाटोळेकाका येतात माफी मागायला. आम्ही त्या दिवशी मुद्दाम ग्रोसरीला जातो."

मग हळूहळू मला सगळं कळलं. देवदत्त मूळचे नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बायको पद्मिनी नर्स. तिच्या नोकरीपायी दोघं सत्तावीस वर्षांपूर्वी इथे आले. इथल्या मराठी ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस कुटुंबांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, आहे. एका अमेरिकन चर्चचा हॉल त्यांना रविवारी दुपारी दोन वाजता मिळतो, अमेरिकन लोकांची उपासना आणि कॉफी आटोपल्यावर. तिथे पेटी-तबल्यावर मराठी गीतं होतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोटभर प्याला. देवदत्त त्या मंडळीचे पंच. म्हणजे पाच-सहा जाणत्या माणसांपैकी एक, ज्यांनी ताटं हातात घेऊन रांगारांगांतून फिरायचं आणि लोकांना वाढायचं.

आता येशूची एक शिकवण आहे. देवाला काही वाहायला निघालास आणि वाटेत आठवलं की कुणा भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सल आहे, तर वाहायचं ते तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. ही शिकवण जगभर कोट्यवधी लोकांना माहीत असेल. देवदत्तांनी ती पत्ता लिहून दिल्यासारखी घेतली. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ते यादी करायचे आणि गाडी काढायचे. महिना रविवारीच सुरू झाला तर तो शनिवार खरा आदल्या महिन्यातला, पण गावात 'पहिला शनिवार' हे नाव पडलं ते पडलं.

अडचण अशी होती की त्यांचं पाप बहुतेक वेळा मनातल्या मनात घडलेलं असायचं. समोरच्याला त्याचा पत्ता नसायचा. ते माफी मागून हलके होऊन जायचे आणि समोरचा जड होऊन बसायचा. माझ्या मुलाची, श्रीरंगची, त्यांनी माफी मागितली ती त्याच्या ड्रायव्हिंगला मनात नाव ठेवलं म्हणून. कोणतं नाव, ते श्रीरंगने विचारलं. विचारायला नको होतं. निधीला कळलं की तिच्या उकडीच्या मोदकांना त्यांनी गणपतीत मनातल्या मनात 'सिमेंट' म्हटलं होतं. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंच्या कुत्र्याविषयी त्यांच्या मनात काहीतरी आलं, त्याचीही माफी मागून झाली. आजीबाईंनी त्यांना केक दिला. अमेरिकन माणसांना या प्रकाराचं कौतुक वाटायचं, मराठी माणसं मात्र दिवे मालवून बसायची.

एकदा तर ते मॅनेजरकडे गेले. विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं त्यांचं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या पगार घेऊन, आणि शनिवारी स्वतःच्या, बिनपगारी. मॅनेजरला म्हणाले, मीटिंगमध्ये मी तुमच्या कल्पनेला छान म्हणालो, पण मला ती मूर्खपणाची वाटत होती, तेव्हा माफ करा. मॅनेजर भला माणूस होता, हसला. मग विचारता झाला, कोणती कल्पना? देवदत्त विचार करत राहिले. तो विचार जरा लांबला. वर्षअखेरीला वरची जागा रिकामी झाली ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोराला मिळाली.

मी पद्मिनीला विचारलं, तुझं कसं काय चालतं? थंडीत आम्ही दोघी सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारायला जायचो, दुकानं उघडायच्या आधी. ती म्हणाली, "मी त्यांना शुक्रवारीच माफ करून टाकते बाई. शनिवारी मला ड्युटी असते."

देवदत्तांचा एकच जिवलग मित्र होता, गुरुनाथ. नागपूरचे, मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. दोघं एकाच कंपनीत. पंधरा वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला जात, एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. देवदत्त शांत आणि गुरुनाथ अखंड बोलणारे, त्यामुळे दोघांचं उत्तम जमायचं. पहिल्या शनिवारी देवदत्तांच्या यादीत गुरुनाथचं नाव कायम असायचं आणि गुरुनाथ दारातूनच ओरडायचे, "माफ केलं बाप्पा, आत ये, चहा घे." काय माफ केलं ते ऐकूनही घ्यायचे नाहीत.

गुरुनाथना साखरेचा आजार. त्यांची बायको अहिल्या हिशेब तपासणीच्या कामात मुरलेली. घरात वाटीने भात मोजायची. बटाटा घरात यायचा तो पाहुण्यांसाठी. या सगळ्याला गुरुनाथ मान डोलवायचे आणि गुरुवारी ऑफिसच्या वाटेवर एका दुकानासमोर गाडी थांबवायला लावून डोनट खायचे. देवदत्त सोबत बसून बिनसाखरेची कॉफी प्यायचे. त्यांनी दोन-चारदा समजावलंही, पण गुरुनाथ म्हणायचे, आठवड्यातून एक दिवस मला नवरा नाही, माणूस म्हणून जगू दे.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत अहिल्याने फराळाच्या ताटापाशी देवदत्तांना गाठलं. "भावजी, खरं सांगा, हे वाटेत काही खात नाहीत ना?"

आणि देवदत्त म्हणून गेले, "नाही हो वहिनी. कॉफी तेवढी."

हे एक वाक्य त्यांना दोन महिने डाचत राहिलं. नोव्हेंबर, डिसेंबरचे शनिवार त्यांनी कसेबसे काढले. जानेवारीचा शनिवार आला आणि ते अहिल्याच्या दारात उभे राहिले. पुढचं मला अहिल्याने स्वतः सांगितलं, आणि तिची स्मरणशक्ती धंद्याने तयार झालेली असल्यामुळे शब्दात फरक नसावा.

देवदत्त म्हणाले, "वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा."

"काय खोटं बोललात?"

"ते मी सांगू शकत नाही. ती गोष्ट दुसऱ्याची आहे. माझं फक्त खोटं बोलणं आहे."

विचार करून आले होते बिचारे. आपलं पाप तेवढं सोलून बाहेर काढायचं आणि मित्राचं आत ठेवायचं, असा बेत होता. पण समोर अहिल्या होती. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दिवाळीत बोललात ते?"

"हो."

"गाडीतलं?"

देवदत्तांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"कोणत्या वारी?"

खोटं बोलल्याची माफी मागायला आलेल्या माणसाने आता काय करावं? देवदत्त म्हणाले, "गुरुवारी."

"किती?"

"दोन. कधी तीन. वर साखर लावलेले."

गुरुनाथ तेव्हा वरच्या मजल्यावर अंघोळ करत होते आणि मोठ्याने गात होते. ते खाली आले तेव्हा जग बदललेलं होतं.

सोमवारपासून अहिल्या स्वतः त्यांना ऑफिसला सोडायला लागली. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तिने हे रागाच्या भरात दोन मैत्रिणींना सांगितलं, आणि शॉमबर्गमध्ये दोन मैत्रिणींना सांगणं म्हणजे दवंडीच. संक्रांतीच्या कार्यक्रमात गुरुनाथ अध्यक्ष म्हणून माइकपाशी उभे राहिले आणि पुढच्या रांगेतलं एक सहा वर्षांचं पोर आईला म्हणालं, "मॉम, दॅट्स डोनट काका." सगळा हॉल हसला. गुरुनाथही हसले. मी दुसऱ्या रांगेत होते. माइक धरलेला त्यांचा हात मला दिसत होता, आणि तो हसत नव्हता.

ते नाव चिकटलं. लोक अध्यक्षांचं ऐकायचे, पण ओठ आवळून. देवदत्तांनी फोन केला तेव्हा गुरुनाथ एवढंच म्हणाले, "तुला माफी पाहिजे ना? नाही देत. जा."

पंधरा वर्षं गाडीत शेजारी बसून त्यांनी देवदत्तांचा नियम ऐकलेला होता. भावाच्या मनात सल असेल तोवर प्रभूच्या मेजावर जायचं नाही. आपल्या हातात काय आलंय हे गुरुनाथना पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी देवदत्त ताट घेऊन सगळ्या रांगांतून फिरले, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः न घेता ताट मेजावर ठेवून दिलं. मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्ये तेच. ईस्टरलासुद्धा. पद्मिनी म्हणाली, लहानपणी वडाळ्याला वडिलांच्या मांडीवरून उठून ते पहिल्यांदा प्रभुभोजनाला गेले, तेव्हापासून एकदाही चुकलं नव्हतं. ताप असला तरी जायचे. आता रविवारी घरी येऊन न बोलता भांडी घासायचे. भांडी आधीच घासलेली असली तरी.

मंडळीचे पाळक अनिल वाघमारे, वयाने तरुण, आठवडाभर एका वखारीत नोकरी करून रविवारी उपदेश करणारे, त्यांनी समजावलं. तुम्ही गेलात, मागितलीत, समोरचा देत नाही, देवाला तुमचं मन कळतं. देवदत्त म्हणाले, मनावर भागत असेल तर मग कुणीच कुणाच्या दारात जायला नको. पाळकांनी विषय तिथेच सोडला.

पण मंडळीला काहीतरी उत्तर हवं होतं. पंच स्वतः घेत नाही म्हणजे काय? लोक विचारायचे आणि देवदत्त सांगायचे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस काहीतरी पोटात ठेवत होता. गुरुनाथचं नाव आणखी कुणाच्या तोंडी जायला नको, म्हणून. मग लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तर्क केले. कुणी म्हणालं जुगार. कुणी म्हणालं, नगरला पहिली बायको असणार. ती बातमी पद्मिनीपर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "असती तर यांनी तिचीही माफी मागितली असती, मला घेऊन जाऊन." ती हसत होती खरी, पण त्या उन्हाळ्यात ती बायकांच्या प्रार्थनेला जायची बंद झाली.

शेवटी पाळकांनी मुदत घातली. ऑक्टोबरात पंचांची नवी यादी होते. जो स्वतः प्रभुभोजन घेत नाही त्याला पंच ठेवता येणार नाही. तोवर काय ते मिटवा.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी देवदत्त माझ्याकडे आले. निधी-श्रीरंग नेहमीप्रमाणे बाजारात. या खेपेला त्यांच्याकडे माझ्यासाठी काही पाप नव्हतं. म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गातली भांडणं सोडवली असतील. मी त्याच्याकडे सात वेळा गेलो. आणखी काय करू?"

मी विचारलं, त्याच्यापाशी जाऊन नेमकं काय म्हणता?

"म्हणतो, मी खरं बोललो त्याचा तुला त्रास झाला, माफ कर."

मला हसू आलं. मी म्हटलं, "देवदत्त, ही माफी आहे की प्रशस्तिपत्रक?"

ते गोंधळले.

"अहिल्याशी खोटं बोललात, त्याची माफी अहिल्याकडे मागितलीत. ते ठीक. गुरुनाथचं काय केलंत?"

"त्याचं मी काही सांगितलं नव्हतं. तिने विचारलं."

"तुम्हाला हलकं व्हायचं होतं. त्याला विचारलं होतंत, की बाबा, मी उद्या तुझ्या घरी जाऊन हलका होणार आहे, चालेल का?"

अंगणात कुणीतरी गवत कापण्याचं यंत्र चालवत होतं, ते थांबलं. मग देवदत्त म्हणाले, "म्हणजे माझा शर्ट मी त्याच्या अंगणात धुतला."

"आणि मळकं पाणी तिथेच सोडलंत."

एवढं बोलून मला वाईट वाटलं. चांगल्या मुलाला छडी मारल्यावर वाटायचं, तसं. पण ते टोपी घालून निघाले तेव्हा आले होते त्यापेक्षा ताठ चालत होते.

सप्टेंबरचा शनिवार. गुरुनाथ गॅरेजमध्ये जुने खोके आवरत होते. देवदत्त गाडीच्या वाटेवर उभे राहिले. त्यांना बघताच गुरुनाथनी काही न बोलता भिंतीवरचं बटण दाबलं आणि गॅरेजचं दार वरून खाली यायला लागलं. ते दार सावकाश येतं, सगळ्यांना माहीत आहे. देवदत्त बोलायला लागले. दार छातीपर्यंत आलं तसे ते वाकले, कमरेपर्यंत आलं तसे गुडघ्यावर बसले, आणि शेवटची वाक्यं त्यांनी डांबरावर हात टेकून, मान वाकडी करून, आतल्या चपलांना सांगितली. मी खरं बोललो याची माफी नाही मागत. मला स्वच्छ व्हायचं होतं म्हणून तुला उघडं पाडलं, याची मागतो. तुझं हसं झालं ते माझ्यामुळे.

दार टेकलं. आतून आवाज आला, "बघू."

समोरच्या घरातल्या अमेरिकन माणसाने येऊन विचारलं, तुम्हाला काही होतंय का, ॲम्ब्युलन्स बोलावू का? हे देवदत्तांनी मला सांगितलं तेव्हा ते स्वतःच हसत होते. पण 'बघू' म्हणजे क्षमा नव्हे, असं त्यांचं मत होतं, आणि सप्टेंबरचा प्याला त्यांनी घेतला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मंडळीचा कापणीचा सण होता. ही नगरकडची पद्धत. तिकडे लोक शेतातलं पहिलं धान्य, कोंबड्या, अंडी देवाला वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. इथे शेतं नाहीत पण परसबागा आहेत. दुधी, कारली, पडवळ, अंबाडीच्या जुड्या, मेथी, असलं सगळं स्टेजवर मांडतात. मराठी मंडळातले यच्चयावत हिंदू लोक या लिलावाला येतात, कारण तशी अंबाडी अख्ख्या इलिनॉयात मिळत नाही. उपासना संपते साडेतीनला, लोक त्या सुमाराला येतात.

मी पद्मिनीबरोबर आधीच गेले होते. ती पुढे बसली होती आणि मी शेवटच्या रांगेत. त्या दिवशी उपदेश लांबला. पाळकांनी मराठीत आणि इंग्रजीत सांगितलं की प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, इतरांनी बसल्या जागी प्रार्थना करावी. भाकरीची ताटं फिरली. तेवढ्यात दार उघडलं आणि गुरुनाथ आत आले. अहिल्या गाडी लावत होती. तिने त्यांना जागा धरायला पुढे पाठवलं होतं. चांगला पांढरा सदरा घातलेला. मला ओळखून माझ्या शेजारी बसले आणि कुजबुजले, "अंबाडी गेली तर नाही ना?"

मी बोटाने गप्प राहायची खूण केली. द्राक्षरसाची ताटं निघाली होती. औषधाच्या मापाएवढे चिमुकले प्याले, वर्तुळात मांडलेले. आमच्या बाजूचं ताट देवदत्तांच्या हातात होतं.

ते शेवटच्या रांगेपाशी आले. मी नमस्कार केला आणि ताट पुढे जाऊ दिलं. गुरुनाथची नजर खाली होती. समोर ताट आलं, त्यात काहीतरी पवित्र पातळ पदार्थ आहे एवढं त्यांना दिसलं, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी उजव्या हाताचा खळगा करून, खाली डावा हात धरून, ओंजळ पुढे केली. तीर्थासाठी.

मग वर पाहिलं आणि ताट कुणाच्या हातात आहे ते कळलं. पण पुढे केलेली ओंजळ मागे घेता येत नाही. तशीच राहिली.

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मग चार. स्टेजवरून पाळक बघत होते. पंचाने अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. हळूच सांगायचं, हे तुमच्यासाठी नाही. तीन शब्द. तेही खरे. मंडळात संध्याकाळपर्यंत पोचले असते.

देवदत्तांनी एक प्याला उचलला आणि गुरुनाथच्या ओंजळीत ओतला.

गुरुनाथनी तो भक्तिभावाने प्राशन केला आणि ओला हात, रीतीप्रमाणे, डोक्यावरून फिरवला. डोक्यावर केस फारसे नाहीत. कपाळापासून मागपर्यंत जांभळा पट्टा उमटला आणि त्यातला एक थेंब ओघळून पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर गेला. कुठलंसं पोर खुदकन हसलं. देवदत्तांच्या ताटातले प्याले किणकिणायला लागले. मला आधी वाटलं ते रडताहेत, पण ते हसू दाबत होते.

"काही चुकलं का रे?" गुरुनाथनी दबक्या आवाजात विचारलं. तो 'रे' नऊ महिन्यांनी आला.

"हो," देवदत्त म्हणाले. "राहू दे."

गुरुनाथनी ताटाकडे पाहिलं. "तू घेतलं?"

"नाही."

"का?"

"तुला माहीत आहे."

गुरुनाथ कॉलर पुसत होते, ते थांबले. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यांना नियम माहीत होता, पण तो दिसायला कसा असतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहिलेला माणूस, हातात भरलेलं ताट. ते म्हणाले, "घे बाप्पा. झालं आता. सोडलं मी."

देवदत्तांनी तिथेच, शेवटच्या रांगेपाशी, एक प्याला उचलला आणि घेतला. पद्मिनी पुढे पाहत होती, पण तिचे खांदे मला मागून दिसत होते.

लिलाव सुरू व्हायच्या आतच देवदत्त पाळकांकडे गेले. पुढच्या शनिवारपर्यंत थांबण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मी अंबाडीच्या टेबलापाशी उभी होते, त्यामुळे ऐकू आलं.

"मी नियम मोडला," ते म्हणाले.

पाळक म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना, तो माणूस कोण आहे? मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर ते खरं बोलणंच झालं असतं. पण गेल्या वेळीही मी खरं तेच सांगितलं होतं."

पाळकांनी कपाळ चोळलं. म्हणाले, दोघा-तिघांनी आत्ताच येऊन विचारलं मला. यादीत तुमचं नाव ठेवता येणार नाही, पाटोळे. देवदत्त म्हणाले, नका ठेवू. आवाजात कुरकुर नव्हती, पण नंतर कोटाची बटणं लावताना त्यांना एक बटण दोनदा लावावं लागलं. बावीस वर्षं त्यांनी ते ताट उचललं होतं.

अंबाडीची शेवटची जुडी गुरुनाथनी घेतली. डोक्यावरचा पट्टा तसाच होता. कुणी सांगितलं नाही, आणि अहिल्याने तो पाहिला तेव्हा तिने विचारलं, हे काय खाल्लंत? ते म्हणाले, खाल्लं नाही, प्यालो.

पहिल्या शनिवारी देवदत्त अजूनही फिरतात. फरक एवढाच की आता घंटी वाजवायच्या आधी गाडीत पाच-दहा मिनिटं बसून राहतात, आणि कधीकधी न उतरताच निघून जातात. खिडकीतून दिसतं ते. त्या महिन्यात माझ्याविषयी त्यांच्या मनात काय आलं होतं ते मला कळायचं राहून जातं, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं चुकल्यासारखं वाटतं.

सध्या ते एकसष्ट वर्षांचे आहेत. मंडळीच्या यादीत त्यांचं नाव साध्या सभासदांत आहे. रविवारी उपासना झाली की हॉलमधल्या नव्वद खुर्च्या घडी करून भिंतीला लावायचं काम त्यांच्याकडे असतं.